पाठमोरी बनाबाई

माधवनगरात आमच्या गल्लीत कुणाशी बोलायचं तर आधी त्याच्या तोंडासमोर जाऊन उभं राहावं लागायचं. पाठीमागून मारलेली हाक खडखडाटात विरून जायची. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यंत्रमागाचे कारखाने, आणि मधोमध आमची पिठाची गिरणी. गिरणी सकाळ-संध्याकाळ तेवढी चालायची, माग मात्र दिवसपाळी-रातपाळी धरून चालूच. मी बोलून चालून गिरणीवाली चंद्राबाई. आवाजाला भिणारी नव्हे. पण समोरच्या कारखान्याच्या दारात उभं राहिलं की मलासुद्धा दात हलल्यासारखं वाटायचं.

मागावरचा माणूस तोंडातून आवाज काढत नाही. ओरडून उपयोगच नसतो, घसा तेवढा फाटतो. ओठ ठळक हलवायचे आणि जोडीला बोटं. सुताची कांडी संपली, ताण्यातून धावणारा धोटा अडकला, चहा आला, मालक आला, सगळं ओठांवर. कारखान्याच्या दोन टोकांना बसून दोन बाया आपापल्या सासूची उणीदुणी काढायच्या आणि मधे पाठ करून बसलेल्या सासूला पत्ता नसायचा. ओठ वाचायची ही विद्या मलाही येते. गिरणीनं शिकवली, फी न घेता.

बनाबाई या समोरच्या कारखान्यात आली ती लग्न होऊन, एकोणनव्वद साली. माहेर कोयनानगर. बाप धरणाच्या प्रकल्पात मदतनीस होता, आणि वसाहतीतल्या दोन खोल्यांत ती वाढली. तिकडं जमीन अधूनमधून हलायची. फळीवरची भांडी वाजली की सगळी वसाहत बाहेर पटांगणात येऊन बसायची आणि उजाडेपर्यंत गप्पा चालायच्या. बना त्या गप्पांतच तयार झालेली. आली तेव्हा तिच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा. दळण टाकायला आली की दळण होऊन पीठ गार पडलं तरी हिचं बोलणं संपायचं नाही. "भूकंप झाला तरी माजं बोलणं थांबायचं न्हाई, काकी," असं तीच हसत सांगायची.

ते थांबलं. भूकंपानं नाही, मागानं.

तिचा नवरा धोंडिराम साताऱ्याकडचा, पोरवयापासून मागावर. भला माणूस, पण बोलायला कंजूष. कारखान्याच्या पाठीमागं मालकानं त्यांना एक खोली दिली होती. नवरा मागावर आणि बायको कांड्या भरायला, दोघं कामाला तर खोली, असा रिवाज. खोलीची चौथी भिंत म्हणजे कारखान्याचीच भिंत. भिंतीला टेकून ठेवलेली तांब्याची कळशी दिवसरात्र थरथरायची. पहिलं वर्षभर बनानं त्या आवाजाशी भांडून बघितलं. ओरडून बोलायची, घसा बसायचा, हळद-दूध घ्यायची, पुन्हा ओरडायची. मग शेजारी बसून कांड्या भरणाऱ्या जरिनानं तिला समजावलं, "कशाला जिवाला तरास करून घेतीस? व्हट हलव, मला कळतंय." बनानं ओठ हलवले. जरिनाला कळलं. तिथून पुढं बनाचं बोलणं बिनआवाजाचं झालं, आणि सवय इतकी अंगात मुरली की दळणाला आली तरी ती ओठांनीच बोलायची. आणि गिरणी चालू असल्यामुळं मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

ब्याण्णवला कुणाल झाला. झोळी कांड्यांच्या खात्यातच बांधली, आईच्या हाताशी. पोरगं त्या खडखडाटात बिनघोर झोपायचं आणि बुधवारी लाईटची सुट्टी असली, माग बंद पडले, की दचकून उठायचं. दोन वर्षांचा झाला तसा तो बोलायला लागला. म्हणजे ओठ हलवायला लागला. पाणी, चहा, आई, आबा, जरिनामावशी, सगळं स्पष्ट. मागावरून धोंडिराम विचारायचा, भूक लागली का? पोरगं तिकडून ओठांनी सांगायचं, भाकरी नको, पाव पायजे. सगळा कारखाना कौतुक करायचा. "आमच्या साळ्याकोष्ट्यांच्या पोरास्नी जमत न्हाई, त्ये ह्याला बिनशिकवता आलं," असं म्हातारे विणकर म्हणायचे. रडायचा मोठ्यानं, हसायचा मोठ्यानं. मग शब्दच तेवढा आवाजाशिवाय येतो, हे कुणाच्या ध्यानात येणार? तिथं सगळ्यांचाच तसा येत होता.

बुधवारी तरी कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बुधवारी धोंडिराम दिवसभर झोपायचा, बना धुण्याची बोचकी घेऊन ओढ्यावर जायची. आणि घरात बोलायचंच झालं तर दोघं नवरा-बायको ओठांनीच बोलायची. धोंडिरामचे कान तोवर जवळजवळ गेलेले होते. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ओठ वाचणाऱ्यांच्या गावात ते कुणाला कळायचं कारणही नव्हतं.

पंचाण्णवच्या दिवाळीला बना पोराला घेऊन आठ दिवस माहेरी गेली. बाप वारलेला, भाऊ आता प्रकल्पावर नोकरीला, आई रंगूबाई त्याच्याजवळ. पोरगं तिथं सगळ्यांसमोर जाऊन तोंड हलवायचं आणि मग पाणी का मिळत नाही म्हणून पाय आपटायचं. भावाची पोरं हसायची. दोन दिवस रंगूबाईनं बघितलं. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "बना, ह्ये प्वार नुसतं तोंड हलवतंय. आवाज कुठं हाय त्येचा?"

बना चुलीशेजारी बसली होती. ती ओठांनी म्हणाली, बोलतंय की गं आई, लय बोलतंय.

रंगूबाईनं हातातली भाकरी परातीत ठेवली. "आता काय म्हणालीस?"

बनानं पुन्हा ओठ हलवले.

"मोठ्यानं बोल," रंगूबाई म्हणाली. "आल्यापास्नं तुझा बी आवाज ऐकला न्हाई मी. वयनी तुझी इचारत हुती, वन्संस्नी घशाचं काय दुखनं हाय का म्हणून. अगं, प्वार मुकं न्हाई. त्ये तुझ्यावानी बोलतंय."

हे सगळं बनानं मला परत आल्यावर सांगितलं, आमच्या गिरणीच्या पायरीवर, बुधवारी. तेव्हा ती मुद्दाम आवाज काढून बोलत होती. घोगरा, मधेच तुटणारा आवाज. "मी क्वार्टरच्या मागं गेले, काकी. आन् माजंच नाव मोठ्यानं घेऊन बघितलं. कुणी परकं बाईमाणूस हाक मारतंय असं वाटलं." एवढं सांगून ती रडायला लागली.

सांगलीच्या डॉक्टरांकडं तिच्याबरोबर मी गेले होते. त्यांनी पोराच्या पाठीमागं स्टीलची वाटी पाडली. पोरगं गर्रकन वळलं. मग यंत्रावर कान तपासले, घसा बघितला, जीभ बघितली. सगळं शाबूत. "याला जन्मापासून जसं बोलणं दिसलं तसं तो शिकला," डॉक्टर म्हणाले. "आता याला आवाजातलं बोलणं ऐकवा. शांत घरात, दिवसभर, रोज. शाळेत घालायच्या आत व्हायला हवं हे. जेवढा उशीर कराल तेवढं त्याला जड जाईल." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. "तो ओठ हलवून काही मागायला लागला की त्याच्याकडं बघू नका. पाठ करून उभ्या राहा. आवाज काढल्याशिवाय काम होत नाही, हे त्याला कळू द्या."

शांत घर! डॉक्टरांनी ते औषधासारखं सांगितलं. ते कुठल्या दुकानात मिळतं हे काही चिठ्ठीवर लिहून दिलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्यांची काही चूक नव्हती म्हणून आणखीच आला.

मग सुरू झाले उपाय. रंगूबाईनं कोयनेहून वेखंड पाठवलं, ते मधात उगाळून जिभेवर. जरिनानं सांगितलं, पोपटानं उष्टा केलेला पेरू खायला घाला, पोरगं पोपटासारखं बोलतं. धोंडिराम भडकला. "आमी बौद्ध हाय. असलं काय आमच्यात मानायचं न्हाई," असं त्यानं ठणकावून सांगितलं. आणि पुढच्या बुधवारी तोच बुधगावच्या बाजूला एका मळ्यात झाडाखाली मान वर करून बसलेला लोकांनी पाहिला. पेरू आणला. पोरानं आवडीनं खाल्ला आणि ओठांनी सांगितलं, आणखी एक.

पाठ करायचा उपाय बनाला जमेना. पोरगं मागायला आलं की ती तोंड फिरवायची. ते वळसा घालून पुढं यायचं. ती पुन्हा फिरायची. शेवटी ते तिच्या मांडीवर चढून दोन्ही हातांनी तिची हनवटी धरायचं आणि तिचं तोंड आपल्याकडं वळवायचं. "मग काय पाठ करतीया, काकी? इतकुसे हात त्येचे," ती म्हणायची. कारखान्यात तिनं पोराच्या कानाला तोंड लावून ओरडून बघितलं. पोरगं कान झाकून पळालं. उरला बुधवार. बुधवारी आमच्या पायरीवर बसून ती त्याला गल्लीतली एकेक गोष्ट आवाजात सांगायची, ही सायकल, ही शेळी, ही काकी. पोरगं टक लावून तिच्या ओठांकडं बघायचं. गुरुवारी पहाटे माग सुरू झाले की बुधवारची सगळी शिकवण पुसली जायची.

ती कुठं जाणार होती? कांड्या सोडल्या तर खोली जाणार. खोली गेली तर धोंडिराम बाहेर कुठं कामाला लागणार? माग सोडून त्याला काही येत नव्हतं आणि बाहेरच्या माणसाचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं, हे बनाला एव्हाना कळून चुकलं होतं. रंगूबाईनं निरोप धाडला होता, प्वार माझ्याजवळ ठेव, वर्षभरात बोलतं करते. बना चिडली. "प्वार द्यायचं आन् आवाज घ्यायचा? असला सौदा मला न्हाई करायचा," ती म्हणाली. भावाच्या दोन खोल्यांत तिला स्वतःला कायमची जागा नव्हती, आणि धोंडिरामला एकटं सोडायची तिची छाती नव्हती. बाजारात गेला तरी खाली मान घालून बोलणारी भाजीवाली काय म्हणते ते तिला सांगावं लागायचं. कुठूनही निघा, वाट त्याच खोलीत येऊन थांबायची.

वाट काढली ती धोंडिरामनं. कुणाला न विचारता तो गावी गेला आणि नाथाजीला भेटला. नाथाजी त्याच्या गावचा, मिल्ट्रीतून सुभेदार होऊन आलेला. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना तो पहारेकरी पुरवायचा. एका कारखान्याच्या फाटकावर माणूस हवा होता, आणि फाटकाला लागून राहायला खोली. नाथाजीनं त्याला दहा प्रश्न विचारले. धोंडिरामनं त्याच्या ओठांकडं बघून दहाही उत्तरं दिली. "मिशा लय आडव्या येत हुत्या," त्यानं नंतर बनाला सांगितलं. "दोन-तीनदा नुसतंच व्हय म्हणालो. नशिबानं त्येच बरुबर निघालं."

निघायच्या दिवशी बनानं मला मिठी मारली आणि मोठ्यानं म्हणाली, "येते काकी!" इतक्या मोठ्यानं की समोरून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला.

साताऱ्यातले ते आठ-नऊ महिने बनानं मला इतक्यांदा सांगितलेत की मीच तिथं राहून आल्यासारखं वाटतं. कारखाना निम्मा बंदच होता. दिवसातून एखाद-दुसरा ट्रक यायचा. फाटकाशी एक गुलमोहर, समोर अजिंक्यतारा, आणि बाकी शांतता. पहिले काही दिवस तिघांनाही झोप लागेना. मग बनाचं बोलणं परत आलं. भांडी घासताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची, पोराला दिसणाऱ्या प्रत्येक मुंगीची तिनं त्याच्याशी ओळख करून दिली. पोरगं आधी नुसतं ऐकायचं. मग त्याच्या हलत्या ओठांतून हवा यायला लागली, कुजबुजल्यासारखी. एकदा मांजराला हाकलताना तोंडातून "हट" असा आवाज निघाला आणि तो स्वतःच घाबरून आईच्या पदरात शिरला. बना त्या मांजराला रोज दूध घालायला लागली, पुन्हा यावं म्हणून.

पण माणसाशी बोलताना आवाज नाही तो नाहीच. समोरचा माणूस बघतोय तोवर पोराला आवाजाची गरजच वाटायची नाही. आई बघायची, बाप तर ओठांवरून नजर हलवायचाच नाही.

आणि धोंडिराम? तो दिवसभर फाटकाकडं डोळे लावून बसायचा. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून धूळ बघायचा. लांब वळणावर धूळ उठली की हा फाटक उघडून तयार. नाथाजी खूश. "ऐसा चौकीदार चाहिए," असं इतरांना सांगायचा. जेवताना धोंडिराम ताट घेऊन रस्त्याकडं तोंड करून बसायचा. बना म्हणते, त्या दिवसांत तो कधी तिच्या शेजारी बसून जेवला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस नाथाजी तपासणीला आला होता. आतून माल भरून एक ट्रक मागं मागं येत होता. धोंडिराम रस्त्याकडं तोंड करून, नेहमीसारखा, फाटकाच्या मधोमध उभा. त्याचं लक्ष बाहेरून येणाऱ्या धुळीकडं. आतून, पाठीमागून काही येतंय हे त्याला कळायला मार्ग नव्हता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि माणूस बाजूला होईलच असं समजून ट्रक मागं घेत होता. कुणाल खोलीच्या दारात बसला होता. त्यानं ओठ हलवले. बाप वळला नाही. पुन्हा हलवले. बापाची पाठ. हनवटी धरून फिरवायला बाप हाताशी नव्हता.

"आबाऽऽ!"

बना आत पीठ मळत होती. ती म्हणते, "मला आधी वाटलं भाईरचं कुणाचं तरी प्वार वरडलं." ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर धावली. कारखान्यातून चार माणसं बाहेर आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. नाथाजी वळला. गुलमोहरावरचे कावळे उडाले. धोंडिराम तेवढा तसाच उभा होता, रस्त्याकडं बघत. बनानं जाऊन त्याचा दंड धरला तेव्हा तो दचकला, पाठीला टेकायला आलेला ट्रक त्यानं पाहिला, आणि मग सगळी माणसं आपल्याकडं का बघताहेत ते त्याला उमगेना.

नाथाजी जवळ आला. "धोंडिराम, पोरगं वरडलं त्ये ऐकलंस?"

"व्हय, ऐकलं की," धोंडिराम म्हणाला.

नाथाजी त्याच्या मागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय म्हणालं पोरगं?" धोंडिरामनं मान वळवली नाही. "धोंडिराम, मी इचारतोय." धोंडिराम समोर बनाच्या तोंडाकडं बघत होता. बनाला ओठांनी सांगता आलं असतं. तिचे ओठ हलायलाही लागले होते. पण समोर सगळे बघत होते आणि तिला रडू फुटलं.

नाथाजी काही वाईट माणूस नव्हता. तो पुढं आला आणि मिशा वर सारून, अगदी सावकाश, ओठ दिसतील असं बोलला, "फाटकावर कान लागत्यात रं गड्या. आज तू मेला आसतास. उद्या दुसरं कुणी मरंल. मी कुठल्या तोंडानं ठेवू तुला?"

म्हणजे बघा. पोराचा आवाज यावा म्हणून बापानं नोकरी धरली, आणि पोराला आवाज आला त्याच हाकेनं बापाची नोकरी गेली. मला हे ऐकून देवाला शिव्या द्याव्याशा वाटल्या. पण बनाच्या घरात देव नव्हता, आणि माझा देव्हारा अशा वेळी कधी उपयोगी पडलेला मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी सामान बांधताना धोंडिरामनं पोराला मांडीवर घेतलं. बनाला विचारलं, "काय म्हणालं?"

"आबा म्हणालं."

त्यानं पोराच्या तोंडाला आपला कान लावला. "परत म्हण." पोरगं लाजलं, मग बापाच्या कानात म्हणालं, "आबा." मोठ्यानं म्हणालं, बनानं स्वच्छ ऐकलं. धोंडिरामनं मान डोलावली. "ऐकलं," तो म्हणाला. "लय ग्वाड हाय." बना मला सांगते, "त्येला काय बी ऐकू आलं न्हवतं, काकी. प्वाराचा गरम वारा तेवढा कानात गेला आसंल." तिनं ते त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

मालकानं त्यांना परत घेतलं. चांगला विणकर कोण सोडतो? खोलीही तीच दिली, भिंतही तीच, आणि कळशी पुन्हा थरथरायला लागली. सुरुवातीला कुणाल कारखान्यात जाऊन मोठ्यानं ओरडायचा, "आई! आबा!" कुणी वळायचं नाही. मग ओठ हलवायचा. लगेच पाणी मिळायचं. पोरगं शहाणं होतं. जिथं जे चालतं ते त्यानं उचललं. महिन्याभरात बुधवारीसुद्धा आवाज निघेना. पायरीवर बसून बना त्याला म्हणायची, "साताऱ्यात कसं वरडलास? वरड की." पोरगं हसून ओठांनीच म्हणायचं, आबा. आवाज नाही, हवासुद्धा नाही. पाच पूर्ण झाली होती त्याला. पुढच्या वर्षी शाळा.

बनानं त्या दिवशी दळणाचा डबा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "काकी, कोयनेला निरोप धाडायचा हाय. आईला म्हणावं, ये. प्वार घिऊन जा." मी तिच्याकडं बघितलं. "सौदा न्हाई करायचा म्हणाली हुतीस," असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं. माझी जीभ तिखट आहे, पण इतकी नाही.

रंगूबाई आली, दोन दिवस राहिली, त्या खडखडाटात तिला एक घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर आम्ही सगळी गेलो. धोंडिराम पाळी सोडून येऊ शकला नाही. तो कारखान्याच्या दारातूनच पोराच्या गालावरून हात फिरवून आत गेला होता. रंगूबाई नातवाला घेऊन कराडच्या गाडीत खिडकीशी बसली. कराडला उतरून पुढं कोयनेची गाडी. पोराला आधी मजा वाटत होती. आजीबरोबर फिरायला जायचं एवढंच त्याला ठाऊक. मग आई खालीच उभी आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

त्यानं खिडकीच्या गजांना धरून ओठ हलवले. मी वाचलं, बनानंही वाचलं. तू पण ये.

बना त्याच्याकडं बघत राहिली. तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं आता ही काहीतरी समजुतीचं सांगेल, दिवाळीला येते, खाऊ आणते, असं काही. पोरगं पुन्हा म्हणालं, तू पण ये. पुन्हा आवाज नाही.

बनाबाईनं पाठ फिरवली.

फलाटाच्या भिंतीकडं तोंड करून ती उभी राहिली, ताठ. गाडीत बसलेल्या बाया बघायला लागल्या. एक म्हणालीसुद्धा, "कसली आई हाय बाई! प्वार चाललंय आन् ही पाठ करून हुबी." मी तिला एक सणसणीत उत्तर देणार होते, पण बनाचे हात बघितले आणि गप्प बसले. तिनं पदर मुठीत इतका घट्ट पिळला होता की बोटं पांढरी पडली होती. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं सरायला लागली. पोरगं गजांतून हात बाहेर काढून हवेत चाळवत होतं, हनवटी शोधत. ती त्याच्या हाताला लागत नव्हती.

आणि मग आवाज आला. आधी फाटका, मग भरदार. "आई! आईऽ! हिकडं बघ! आई, तू बी चल!"

सगळा स्टँड वळला. केळीवाला वळला, हमाल वळले. बना वळली नाही. गाडी स्टँडाच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत पोरगं ओरडत होतं आणि ती भिंतीकडं बघत ऐकत होती. रस्त्यावर गाडी वळली तशी हाक बारीक होत गेली. ती पुरती थांबली तेव्हा बनानं तोंड फिरवलं. रस्ता मोकळा होता.

मी तिच्याजवळ गेले. तिचा चेहरा ओला होता. ती माझ्याशी बोलली, पण आवाज निघालाच नाही. नुसते ओठ हलले. मला वाचता येतं म्हणून कळलं.

"काकी, ऐकलंसा? कसं मोठ्यानं वरडलं माजं प्वार."

मग आम्ही माधवनगरची बस धरली. तिची दुपारची पाळी होती.